भाऊजींचा कोट आणि माझी नोकरभरती

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, पण कागदावर वाकायला गुडघा लागत नाही, तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालतेस, की नुसत्या चपला घालून फाटकापर्यंत जाऊन परत येतेस? भाऊजींचा रक्तदाब कसा आहे हे विचारत नाही, कारण परवा संध्याकाळी तो कसा होता ते मी समोर उभं राहून पाहिलं आहे.

ते परवा घरी कोटाशिवाय आले हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यांनी तुला त्यांची बाजूही सांगितली असेल, आणि त्या बाजूत मी म्हणजे एक उपद्रवी, अडाणी बाई असेन, जिनं त्यांच्या कंपनीनं हेरलेली मुलगी डोळ्यांदेखत पळवली आणि वर अंगावरचा कोटही काढून नेला. यातलं मुलीचं अगदी खरं आहे. कोटाचं मात्र असं झालेलं नाही, आणि तेच नीट सांगावं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. चहा करून घे.

तर मुळापासून. बाबांनी नाटकवाल्यांना पोशाख भाड्यानं द्यायचा हा धंदा काढला तेव्हा कपडेपट कसा लावला होता, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. जो पोशाख ज्या नटानं पहिल्यांदा घातला, तो कायमचा त्या नटाच्या खुंटीवर, आणि खुंटीला नाव नटाच्या टोपणनावाचं, तेही फक्त तोंडी, कुठे लिहिलेलं नाही. न्यायाधीशाचा झगा हवा असेल तर तो ‘रडक्या’खाली पाहायचा, कारण तो नट फाशीची शिक्षा सुनावताना आरोपीच्या आधी स्वतःच रडायचा. पोलिसाचा गणवेश ‘झोपाळू’खाली. राणीचा हिरवा झगा ‘जाड्या’खाली (ते का, हे बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि आई नुसती हसायची). बाबा होते तोवर हे सुरळीत चाललं. बाबा गेले, मग एकेक करून रडक्या, झोपाळू, जाड्या सगळे गेले, आणि राहिलो मी आणि शिंपीमास्तर. मास्तरांना नावं आठवतात पण खुंट्या आठवत नाहीत, आणि मला खुंट्या ठाऊक आहेत पण नावं नाहीत. आम्ही दोघं मिळून एक अख्खं माणूस होऊ असं वाटेल, पण तसं होत नाही. आमची फक्त भांडणं होतात.

गेल्या हंगामात कळस झाला. थिएटरच्या व्यवस्थापकांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा पोशाख मागवला आणि माझ्याकडून गेला खाटकाचा. (दोन्ही ‘उंच्या’खाली होते. माझी काय चूक?) नायिका मरणाच्या दारात, आई पदराला डोळे पुसतेय, आणि डॉक्टर आत शिरतो तो रक्ताचे डाग रंगवलेला एप्रन लावून. प्रेक्षक इतके हसले की नायिका जिवंत असतानाच पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक माझ्या दारात. आवाज न चढवता बोलले, आणि तेच वाईट असतं. म्हणाले, तुमच्याकडे काय काय आहे ते पुढच्या हंगामाआधी मला माझ्या खुर्चीत बसून दिसलं पाहिजे, नाहीतर करार दुसऱ्या कपडेपटाला. ताई, थिएटर गेलं तर कपडेपट गेलाच समज. बाबांनी उभी केलेली एक गोष्ट माझ्या हातून मोडणार, या विचारानं माझी झोपच उडाली.

आता तू म्हणशील, मग मला का नाही विचारलंस? सारा जन्म तू ग्रंथालयात काढलास, हजारो पुस्तकं जागच्या जागी ठेवलीस, आणि सख्ख्या बहिणीला कपडे लावायला मदत केली नसतीस? केली असतीस गं. आनंदानं केली असतीस. आणि मग पुढची सगळी वर्षं जेवायला बसलं की भाऊजी म्हणाले असते, बघा, शेवटी थोरलीच लागते. एकदा तरी काहीतरी मी तुझ्याशिवाय करून दाखवायचं होतं, हे सरळ सांगून टाकते.

म्हणून आधी मी माझ्या डोक्यानं माणसं नेमली. खिडकीत पाटी लावली, ‘सामान शोधून देणारा माणूस हवा’. पहिला आला त्यानं सगळे कपडे रंगांप्रमाणे लावले. दिसायला इतकं देखणं झालं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. फक्त काळे कपडे सगळे त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि तिथे काय आहे ते कुणालाच दिसेना, त्यालाही नाही. दुसऱ्यानं मापाप्रमाणे लावले. राजा, भिकारी आणि परिचारिका एका दांडीवर, कारण तिघांची छाती सारखी. एक अख्खा राजदरबार मागवला गेला तेव्हा त्यानं शिडीवरच हात टेकले, आणि उतरता उतरता त्याच्या डोक्यावर लाकडी घोड्याचं मुंडकं पडलं. तो परत आला नाही. त्याची छत्री अजून इथे आहे.

मग शेजारणीच्या सुनेनं सांगितलं की विद्यापीठात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा विभाग आहे, तिथली मुलं हेच शिकतात. मी दुसऱ्याच दिवशी ठेवणीतली साडी नेसून गेले. माझी कल्पना अशी की बाजारात जातो तसं जायचं, चारपाच मुलं पाहायची, एक चांगलं निवडायचं आणि संध्याकाळच्या आत घेऊन यायचं. प्राध्यापक बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि माझीच मुलाखत घेतली. तुमच्याकडे वस्तू किती, मागणारा कोणत्या शब्दांत मागतो, सापडलं नाही तर काय होतं, नवं आलेलं कुठे जातं. मला एकाचंही धड उत्तर देता येईना. खाटकाचा प्रसंग सांगितला तेव्हा मात्र त्या पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, उमेदवार नंतर बघू, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. (इतकी वर्षं घरच्यांनी माझ्या प्रश्नांना वैताग म्हटलं. चांगला म्हणणारी ही पहिलीच बाई.)

त्यांनी मग समजावून सांगितलं. नुसती जागेची जाहिरात लावता येते, पण आमच्या मुलांना तुम्ही कोण हेच ठाऊक नाही, मग ती का येतील? त्यापेक्षा वर्गापुढे येऊन तुमचा प्रश्न मांडा. ज्यांना आवडेल तो गट सत्रभर तुमच्याकडे येऊन काम करील, तो त्यांचा अभ्यासच असतो. तुम्ही त्यांना पारखा, ती तुम्हाला पारखतील, आणि जमलं तर नोकरीचं बोला. फक्त प्रश्न खरा आणा, मुलांना खोटं काम लगेच कळतं. मी म्हटलं, बाई, खरेपणाची काळजीच करू नका.

प्रश्न मांडायच्या दिवशी वर्गात माझ्याआधी एका रुग्णालयाचे गृहस्थ आणि एका मोठ्या दुकानाच्या बाई होत्या. दोघांनी भिंतीवर चित्रं दाखवली, वर जाणारे बाण दाखवले. माझ्याकडे बाण नव्हते. मी कपड्यांचं एक गाठोडं नेलं होतं, ते टेबलावर सोडलं आणि म्हटलं, यातून मला ‘कालपर्यंत श्रीमंत असलेला माणूस’ काढून द्या. माझ्या थिएटरवाल्यांचे निरोप असेच येतात. पाच मिनिटांत अर्धा वर्ग टेबलाभोवती. कुणी म्हणे मखमली कोट, कुणी म्हणे नाही, कोट गेला असणार, बूट चांगले राहिले असणार. एका मुलीनं मात्र कपड्यांना हातच लावला नाही. ती मला विचारत राहिली, श्रीमंत हे कशावरून ठरवता? कालपर्यंत हे कशावरून कळतं? मास्तर कशावरून शोधतात? तिचं नाव आम्ही त्याच दिवशी ‘कशावरून’ ठेवलं. तिनं आणि तिच्या गटानं रुग्णालय सोडून मला निवडलं, हे मी रुग्णालयाच्या गृहस्थांना जाता जाता दोनदा सांगितलं.

सत्राच्या सुरुवातीला आमच्या मास्तरांनी असहकार पुकारला. कापडाला टाचणी लावून चिठ्ठी अडकवायची असं मुलांनी ठरवलं होतं. मास्तरांच्या मते कापडाला भोक पाडणं आणि माणसाला भोक पाडणं यात फरक नाही. दोन दिवस ते शिवणयंत्रावर बसून भिंतीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी कशावरून त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, मग कशानं लावू ते तुम्ही शिकवा. झालं. पुढचा आठवडाभर माहितीशास्त्राची ती सगळी हुशार मुलं कॉलरच्या आतल्या बाजूला नंबर घातलेल्या नाड्या टाचत बसली होती आणि मास्तर मागून फिरून, टाका लांब झाला, उसव, म्हणत होते. एका मुलाची नाडी त्याच्या स्वतःच्या पँटला शिवली गेली. तो दिवसभर आमच्याकडे ‘सैनिक, मध्यम माप’ म्हणून नोंदलेला होता.

मी तुझ्याच जिवावर मोठी झाले, हेही सांगते. मुलं अडली की मी म्हणायचे, आमची ताई म्हणते, पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवलं असंच धरायचं. आमची ताई म्हणते, मागणाऱ्याला पुस्तकाचं नाव माहीत नसतं, त्याला फक्त आतलं काहीतरी हवं असतं. मुलं हे सगळं लिहून घ्यायची. कशावरूननंही तुझ्या कुठल्याच वाक्याला कशावरून म्हटलं नाही.

आणि बाबांची पद्धत. मला वाटलं, आता ती रडक्या-झोपाळू मंडळी एकदाची निघणार, आणि खरं सांगते, सुटल्यासारखं काही वाटलं नाही, उलट जाड्याच्या खुंटीवरचा झगा मी उगाच झटकून पुन्हा अडकवला. पण कशावरून म्हणाली की काढायची नाही. प्रत्येक पोशाखाचा फोटो, माप, रंग, काळ, कोणत्या भूमिकेसाठी, सध्या कुठे आहे, आणि शेवटी आधी कुणी घातला तेही, बाबांनी दिलेल्या नावासकट. कुणीतरी एवढं प्रेमानं लावलंय ते मोडायचं कशाला, त्याच्याशेजारी आपलं ठेवू. त्यावर मी जाड्याच्या हिरव्या झग्यात तोंड घालून थोडा वेळ रडले. (झग्याला कापराचा वास येतो. लोकांना वाटलं त्यामुळेच.)

आता परवाचा दिवस. सत्राच्या शेवटी मुलं आपापली कामं दाखवतात आणि नोकऱ्या देणारी माणसंही तिथेच येतात. मोठं दालन, ओळीनं टेबलं. माझ्या टेबलाच्या अगदी समोर भाऊजींच्या कंपनीचं टेबल. टेबल कसलं, मंडपच तो. मागे दिवे लागलेला फलक, फुकट पेनं, फुकट पिशव्या, आणि मध्ये नोकरभरतीचे प्रमुख या नात्यानं भाऊजी, त्या करड्या कोटात. मला पाहून त्यांनी जी मान हलवली ना, ती मी विसरणार नाही. मोठा माणूस गल्लीतल्या मुलाला हलवतो तशी. मग म्हणाले, अरे वा, तुम्हीही?

मीही. माझ्याकडे दिवे नव्हते, पण कपड्यांची एक दांडी होती आणि मुलांनी केलेली संगणकावरची यादी होती, जिच्यात हवं ते लिहिलं की पोशाखाचा फोटो समोर. लोक यायचे, विचित्र काहीतरी मागायचे, आणि कशावरून शोधून द्यायची. दुपारपर्यंत भाऊजींच्या टेबलावरची पेनं संपली आणि पेनं संपल्यावर माणसंही. दालनात उकडत होतं. भाऊजी पाय मोकळे करायला म्हणून आले, कोट काढला आणि बोलता बोलता माझ्या दांडीला अडकवला. मी अडकवला नाही, ताई. त्यांनी अडकवला. तेवढ्यात कुणीतरी त्यांना फोनवर बोलावलं आणि ते बाहेर गेले.

मुलं दाखवत होती नवा पोशाख कसा नोंदवतात ते. दांडीवर बिननंबराचा एकच कपडा होता. त्यांनी तो घेतला, मापं घेतली, फोटो काढला, कॉलरमागे नाडी टाचली (टाका अगदी बारीक, मास्तर बघत होते) आणि नोंद केली: कोट, करडा, मध्यमवयीन अधिकारी किंवा खलनायकाचा सचिव, पोटापाशी बटणाला ताण. त्याच वेळी आमचे थिएटरचे व्यवस्थापक आले. मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. कडक चेहऱ्यानं खुर्चीत बसले आणि म्हणाले, दाखवा. त्यांनी डॉक्टर मागितला, डॉक्टर आला. न्यायाधीश मागितला, आला. ‘जिला कुणी न्यायला आलेलं नाही अशी नवरी’ मागितली, तर तीन आल्या. माझ्याकडे तीन आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, उद्याच्या प्रयोगाला खलनायकाचा सचिव पाहिजे, करडा. कशावरूननं एक कळ दाबली.

व्यवस्थापकांनी पुढच्या हंगामाचा करार तिथल्या तिथे, माझ्या टेबलावर, सगळ्यांसमोर केला, आणि कोट हातावर टाकून निघून गेले. भाऊजी परत आले तेव्हा दांडीवर त्यांचा कोट नव्हता. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, एरवी असतं तर तुमचा कोट जन्मात मिळाला नसता. आता तो कुठे आहे ते आम्हाला नेमकं ठाऊक आहे. मिळणार मात्र नाही, कारण तो भाड्यानं गेलाय. त्यानंतरचं बोलणं मी लिहीत नाही.

त्याच अवस्थेत ते कशावरूनपाशी गेले. त्यांच्या कंपनीनं तिला आधीच नोकरी देऊ केली होती, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. तिनं नम्रपणे सांगितलं की ती माझ्याकडे येतेय. भाऊजींनी विचारलं, का? (पहिल्यांदाच कुणीतरी तिला उलट प्रश्न केला.) ती म्हणाली, तुमच्याकडे सगळं आधीच लावलेलं आहे, यांच्याकडचा पसारा खरा आहे. ताई, आजवर माझ्या पसाऱ्याचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. एवढ्या दिव्यांच्या, पिशव्यांच्या कंपनीला मी एका गाठोड्याच्या जोरावर चीत केलं, आणि तेही तुझ्याशिवाय. जेवताना भाऊजींना हे वाचून दाखव.

घरी सगळ्यांना नमस्कार. तुझीच,

धाकटी

ता. क. सोबत दोन पास पाठवते आहे. तिसऱ्या अंकात सचिव खिडकीतून पळतो तेव्हा कोट छान दिसतो. त्या पळण्याला काल टाळ्या पडल्या. हे प्रयोग संपले की धुऊन, इस्त्री करून परत करीन, बटणही मास्तर पक्कं करून देतील.

आणखी एक. प्राध्यापक बाईंची एक अट सांगायची राहिली. (राहिली नाही, मीच मागे ठेवली होती.) मुलगी शेवटचं सत्र कामाच्या जागी काढणार, तर तिथे तिच्याच विषयात मुरलेलं माणूस देखरेखीला हवं. तसं माणूस नसेल तर विद्यापीठ तिला पाठवणार नाही, आणि ती आली नाही तर नव्या कपड्यांची नोंद थांबेल, हंगाम संपायच्या आत मी पुन्हा खाटकाला डॉक्टर म्हणून पाठवीन, आणि मग करार असून नसल्यासारखा. भाऊजींकडे अशी माणसं खोलीभर आहेत. माझ्याकडे मास्तर. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कोण आहे? मी एक श्वासही न घेता तुझं नाव सांगितलं. येत्या सोमवारी बाई पाहायला येणार आहेत.

शेवटचं, आणि हे जेवताना वाचून दाखवू नकोस. पसारा खरा आहे, असं ती म्हणाली ते खरंच, पण ते अर्धंच वाक्य होतं. पुढे म्हणाली, आणि यांच्या ताईंच्या हाताखाली शिकायला मिळेल. सत्रभर ती मला विचारत होती, ताई कधी येणार, आणि मी म्हणत होते, येतीलच. तेव्हा मी भाऊजींना हरवलं ते त्यांच्याच घरातलं माणूस पुढे करून, आणि त्या माणसाला मी अजून विचारलेलंही नाही. तुला लहानपणी बाबांनी खुंट्यांना हात लावू दिला नाही, तू रागानं दुसऱ्यांची पुस्तकं लावायला गेलीस, आणि तुझं ग्रंथालय बंद झाल्यापासून तू फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणतेस. मला ते ऐकवत नाही. सोमवारी ये, ताई. त्या मुलीनं तुला विचारायचे प्रश्न काढून ठेवलेत, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर मला येत नाही.